‘विंडोज टाकून देतो, तासाभरात या’

अण्णांचा फोन आला तेव्हा मी नववी ‘ब’चे पेपर तपासत होते. “ताई, कॉम्प्युटर मेला,” एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, “रात्री वीज कडाडली. तवापासून बटण दाबलं की काय नाही. आतला पंखासुद्धा फिरत नाही.”

जुलै 2023. मी सांगलीत गणित शिकवते, आई-अण्णा कराडला. कॉम्प्युटर मीच 2010च्या दिवाळीत घेऊन दिलेला. असेंबल केलेला डबा, 500 जीबीची हार्डडिस्क, विंडोज सेव्हन. अण्णा जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. नोकरीच्या शेवटच्या काळात ते आयएसएम नावाच्या सॉफ्टवेअरवर मराठी टायपिंग शिकले होते, आणि ते बोटांतून जाऊ नये म्हणून घरी काहीतरी टाइप करत बसायचे. आधी भजनं, मग नातेवाइकांचे पत्ते. पुढे कधीतरी त्यांनी गाव लिहायला घेतलं.

गाव म्हणजे आमचं जुनं गाव, कोयनेच्या खोऱ्यातलं. ते आता शिवसागर जलाशयाखाली आहे. धरण 1964 साली पुरं झालं, पण आमची घरं त्याआधीच हलली. अण्णा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. भावकी फुटली, कुणी ठाण्याकडं, कुणी रायगडात, कुणी इथंच वर डोंगराला. अण्णांनी घरांचा क्रम, विहिरी, देवस्थानं आणि एकेक शेताचं नाव, ते कोण कसायचं, त्यात काय पिकायचं, असं सगळं कितीतरी वर्षं टाइप केलं होतं. मी त्यातलं कधी नीट वाचलेलं नव्हतं. मोठेपणा म्हणून सांगत नाही, लाज वाटते म्हणून सांगते.

शनिवारी शाळा सुटल्यावर कराडची एसटी पकडली.

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो व्हिडिओ कॉलवर आणि माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर, अशी आमची टीम. त्याचं पहिलं वाक्य बरं होतं. “आई, कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणजे फायली गेल्या असं नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.” ते ऐकताना फक्त धीर आला. त्याचा खरा अर्थ पुढच्या आठवड्याभरात कळायचा होता.

डब्यात मागच्या बाजूला पत्र्याची एक पेटी असते, सगळ्यांना वीज पुरवणारी, तिला एसएमपीएस म्हणतात. तिच्यातून निघणारा 24 पिनांचा जाडजूड कनेक्टर मदरबोर्डवरून उपटायचा. त्यात हिरवी वायर एकच असते. ती आणि कुठलीही एक काळी वायर यू-पिनेनं जोडायची, मग पेटीचं बटण चालू करायचं. पेटी धड असेल तर तिचा पंखा फिरतो. आमचा फिरला नाही. आई दारात उभी राहून “अगं शॉक बसंल” म्हणत होती. त्या हिरव्या-काळ्या जोडीत पाचच व्होल्ट असतात हे मी तिला सांगितलं, पण हात माझाही थरथरत होता. नवीन एसएमपीएस 950 रुपयांना आला.

आता पंखा फिरला, दिवे लागले, आणि एक लांब बीप पुन्हा पुन्हा वाजायला लागली. मुलगा म्हणाला, रॅम. दोन पट्ट्या होत्या, काढल्या, त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, बोटांनी धूळ झटकली, पुन्हा बसवल्या. बीप गेली. वर्गातला खोडरबर पर्समध्ये होता म्हणून बरं.

स्क्रीनवर विंडोजचे चार रंगी ठिपके एकत्र आले, चिन्ह झालं, आणि तिथंच अडकलं. मग ‘स्टार्टअप रिपेअर’. अर्ध्या तासानं निरोप आला की हा कॉम्प्युटर आपोआप दुरुस्त करता येत नाही. आम्ही पुन्हा बटण दाबलं. तोच निरोप. तिसऱ्यांदा चाळीस मिनिटं लागली. ही माझी पहिली चूक. डिस्क आजारी आहे हे कळलेलं नव्हतं हे खरं, पण प्रत्येक वेळी वेळ वाढतोय हे दिसत होतं ना. वर्गात एखादं पोर दर तासाला जरा जास्त मलूल दिसायला लागलं तर मी विचारते. इथं मी बटण दाबत राहिले.

रविवारी सकाळी डबा घेऊन बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानातला पोरगा चलाख, हाताला सवय असलेला. त्यानं चालू करून पाहिलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, “विंडोज उडालंय काका. टाकून देतो, तासाभरात या. साडेचारशे.”

“आणि आतल्या फायली?” मी.

“डी आणि ई ड्राइव्हला हातच लावत नाही. फक्त सी फॉरमॅट होतो. सीमध्ये काय ठेवलंय का?”

अण्णा जवळजवळ दुखावले. “सीमध्ये कशाला ठेवीन? सीमध्ये ठेवायचं नसतं एवढं कळतं मला. सगळं डेस्कटॉपवर आहे, समोरच.”

पोरग्यानं मान डोलावली आणि पेनड्राइव्ह हातात घेतला.

मीही मान डोलावली होती. मग कुठूनतरी मुलाचं जुनं बोलणं आठवलं. मी शाळेच्या लॅपटॉपवर सगळं डेस्कटॉपवर ठेवते म्हणून तो मला हसला होता, “आई, डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच असतो गं.” डेस्कटॉप काही वेगळी जागा नाही. सी ड्राइव्हमध्ये यूजर्स नावाचं फोल्डर, त्यात आपल्या नावाचं, त्यात डेस्कटॉप नावाचं. तिथलं आपल्याला स्क्रीनवर पसरून दाखवतात, म्हणून ते बाहेर अंगणात असल्यासारखं वाटतं. माय डॉक्युमेंट्सचंही तेच. अण्णांनी बारा वर्षं जे जपून ‘सीबाहेर’ ठेवलं होतं, ते सगळं सीच्या पोटात होतं.

“थांबा,” मी म्हणाले, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं वळून पाहिलं.

त्या पोराला दोष द्यावासा वाटत नाही. त्याच्याकडे येणाऱ्याला कॉम्प्युटर चालू करून हवा असतो, तो चालू करून देतो. आतलं काढून द्या असं म्हणणारा येतो कधीतरी. आणि ‘सीमध्ये काही आहे का’ असं त्यानं विचारलंही होतं. प्रश्न बरोबर, उत्तरही मनापासून, आणि तरी दोघांच्या मधून गाव जाणार होतं.

डबा परत घरी आणला.

आता विंडोज चालू करायचंच नव्हतं. मुलगा म्हणाला, त्या डिस्कवरचं विंडोज झोपू दे, आपण पेनड्राइव्हवरून दुसरीच सिस्टीम चालू करू आणि डिस्क नुसती कपाटासारखी उघडू. शाळेच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट उतरवून घेतलं, त्यातला हलका प्रकार, एक्सएफसीई नावाचा, कारण अण्णांच्या डब्यात चारच जीबी रॅम. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं ते आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवलं. जुनी मदरबोर्ड म्हणून तिथं एमबीआर हा पर्याय निवडायचा. डबा चालू करताना एफ-12 दाबत राहायचं. आमच्या बोर्डाला एफ-12 आहे, दुसऱ्या कंपन्यांची बटणं वेगळी असतात. मग यादी येते, त्यात पेनड्राइव्ह निवडायचा.

तीन-चार मिनिटांनी स्क्रीन उजळली. हिरवट, अनोळखी, पण चालू. अण्णा खुर्ची ओढून जवळ आले. “झाला की चालू! पत्ते दिसंनात ते?” त्यांना सॉलिटेअर हवं होतं. त्या स्क्रीनवर एक चिन्ह असतं, ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’. त्याला चुकूनही हात लावायचा नाही, नाहीतर ज्या कामासाठी दुकानातून पळून आलो तेच काम घरी होणार. मी त्या चिन्हावर स्क्रीनबाहेरून कागदाची चिठ्ठी चिकटवली. मुलगा फोनवर हसला. हसू दे. माऊस अण्णांच्या हातातही जाणार होता.

सी ड्राइव्ह उघडला. यूजर्स, अण्णा, डेस्कटॉप. आणि यादी आली: ‘गाव-1’, ‘गाव-2’, ‘विहिरी’, ‘देव’, ‘शेते-फायनल’, ‘शेते-फायनल-2’. आईनं देवाला हात जोडले. मी सगळं निवडलं आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी म्हटलं. तीन फायली गेल्या. चौथी अडकली. हिरवी पट्टी 14 टक्क्यांवर गोठली, आणि डब्यातून बारीक कुर्रर असा आवाज, थांबून पुन्हा कुर्रर.

“आई, बंद कर. आत्ताच्या आत्ता.” त्याचा आवाज बदलला होता.

पुन्हा चालू करून आधी फक्त ‘डिस्क्स’ हा प्रोग्रॅम उघडला. हार्डडिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद स्वतःच ठेवते, ती तिथं दिसते. लिहिलं होतं: डिस्क ठीक आहे, 184 खराब सेक्टर. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा एक बारीक कप्पा. ‘वर्तणूक उत्तम, सहा विषयांत नापास’ असं आम्ही प्रगतिपुस्तकात लिहावं तसं.

तेव्हा मुलानं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आतली तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 120 फेरे. तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर वाचणारं डोकं तरंगत असतं, केसाच्या जाडीच्याही हजारो पट कमी. जिथं पृष्ठभाग बिघडलाय तिथं डिस्क एकदा वाचून सोडून देत नाही, हट्टानं पुन्हा पुन्हा वाचते. साधी कॉपी करताना आपण त्या हट्टापुढे बसून राहतो. मागचं सगळं चांगलं तसंच पडलेलं, आणि डिस्कचा उरलेला जीव एका खड्ड्यावर खर्च.

मी दर मार्चमध्ये दहावीच्या पोरांना हेच सांगते. पेपर हातात आला की येणारी गणितं आधी सोडवा. अडलेल्याला खूण करा, पुढं जा. शेवटी वेळ उरला तर परत या. नेमकं असंच करणारा एक प्रोग्रॅम लिनक्सवर आहे, डीडीरेस्क्यू. तो फायली बघत नाहीच. अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, अडलं की उडी मारतो, आणि कुठं अडलं त्याची एका छोट्या फायलीत नोंद ठेवतो. त्या नोंदवहीला मॅप फाइल म्हणतात. या वहीचं महत्त्व मला लवकरच कळणार होतं.

त्याआधी पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांना फोन केला होता. डिस्क उघडावी लागली तर पंधरा ते तीस हजार म्हणाले. अण्णांचं म्हणणं, “तीस हजारात दुसरा येईल की.” त्यांच्या डोक्यात अजून कॉम्प्युटरच. पण त्या माणसानं एक गोष्ट फुकट सांगितली. डिस्क घड्याळासारखी टक्‌ टक्‌ करत असेल तर पुन्हा चालूसुद्धा करू नका, तशीच आणा. आमची टकटक करत नव्हती, म्हणून आम्ही घरी धजावलो. एका मामांनी डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. पावसाळ्यात, कराडला. बाहेर काढल्याबरोबर तिच्यावर दव धरलं असतं. मामांना हो म्हटलं.

एक टीबीची नवी एक्स्टर्नल डिस्क आणली, साडेचार हजारांची. मोबाइलचं नेट केबलनं डब्याला जोडून डीडीरेस्क्यू उतरवून घेतला. आता खरी भीतीची जागा. या प्रोग्रॅमला दोन नावं द्यायची, आधी कुठून, मग कुठे. उलटं झालं तर नव्या कोऱ्या डिस्कचा रिकामेपणा अण्णांच्या डिस्कवर उतरणार. आणि नावं कशी, तर एसडीए, एसडीबी, एसडीसी. सगळ्या बहिणी सारख्या. ओळखायचं आकारावरून. 500 जीबीची डिस्क तिथं 465.8 दिसते आणि एक टीबीची 931.5, कारण कंपनी हजारानं मोजते आणि कॉम्प्युटर 1024 नं. एसडीए समोर 465.8. मी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ए मधून, सी मध्ये’. एसडीबी आमचा पेनड्राइव्ह. ओळ टाइप केल्यावर ती मुलाला वाचून दाखवली, मग त्यानं माझ्याकडून स्पेलिंगसकट पुन्हा वदवून घेतली, मग एंटर.

आकडे पळायला लागले. जुनं यूएसबी, सेकंदाला तीसेक एमबी. सगळं सुरळीत गेलं तर साडेचार-पाच तास. आम्ही जेवलो. अण्णा दर दहा मिनिटांनी येऊन टक्के वाचायचे, क्रिकेटच्या स्कोअरसारखे. बावन्न. छप्पन्न. एकसष्ट.

एकसष्टला लाईट गेली.

डब्याला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीचीच गेलेली. तो फक्त पाय ठेवायला होता. अंधारात मी स्वतःला समजावलं, काळजी नाही, मॅप फाइल आहे, जिथून थांबलं तिथून पुढं. लाईट आली, पुन्हा पेनड्राइव्हवरून चालू केलं, आणि मॅप फाइल नाही. कुठंच नाही. पेनड्राइव्हवरून चालवलेलं लिनक्स सगळं रॅममध्ये ठेवतं, बंद झालं की कोरी पाटी. मी नोंदवही दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवायच्या ऐवजी त्या पाटीवरच लिहून घेतली होती. मुलगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आजारी डिस्कचे तीन तास गेले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. डीडीरेस्क्यू पुन्हा उतरवावा लागला, कारण तोही पाटीबरोबर पुसला गेलेला. हॉलमधल्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन ओढली. आईला मिक्सर लावू नको म्हणून सांगितलं. यावेळी नक्कल एका फायलीत घ्यायची, तिला इमेज म्हणतात. इमेज आणि मॅप दोन्ही एक्स्टर्नलवर, हे तीनदा तपासलं. आणि संध्याकाळी पाचला पुन्हा पहिल्यापासून.

रात्री साडेअकरापर्यंत पहिली फेरी झाली. मग तो खुणा केलेल्या जागांकडे वळला. एक-एक सेक्टर, म्हणजे 512 बाइट, पुढून, मग मागून. मधेच कुर्रर. मी सोफ्यावर आडवी झाले, पण तो आवाज झोपेतही मोजत होते. पहाटे चारला उठून पाहिलं तर न वाचलेलं तीनशे केबी उरलं होतं. सहाला बहात्तर. आठपर्यंत बहात्तरच. 500 जीबीमधले बहात्तर केबी. पडद्यावर 99.99 टक्के. शंभर तो लिहीतच नाही, जोवर एखादा सेक्टरही बाकी आहे. असा परीक्षक मला आवडला.

“बास,” मी म्हणाले आणि डिस्क काढून ठेवली. ती पुन्हा कशालाच जोडलेली नाही.

पुढचं सगळं त्या नकलेवर. ती इमेज फाइल लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती जोडली की अख्खा सी ड्राइव्ह समोर, यावेळी न कुरकुरता. डेस्कटॉप, फोटो, सगळं दहा मिनिटांत कॉपी.

पण बहात्तर केबी कुठले? डीडीरेस्क्यूला फायलींची नावं माहीत नसतात. इथं मुलानं एक युक्ती केली जी मला फार आवडली. न वाचता आलेल्या जागी नकलेत नुसती शून्यं असतात. तिथं आपल्या पसंतीचा शब्द भरता येतो. मग तो शब्द कुठल्या फायलीत सापडतो ते शोधायचं. मी रोमन अक्षरांत ‘खड्डा’ सांगितला. शोध संपला तेव्हा यादी आली: विंडोजच्या स्वतःच्या काही फायली, आतेबहिणीच्या लग्नातला एक फोटो, आणि ‘शेते-फायनल-2’.

ती उघडली. उघडली, पण मराठी नव्हतीच. सगळं पान रोमन चिन्हांनी भरलेलं, डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा ई जिथं तिथं, मधे पाव-अर्ध्याची चिन्हं, चौकटी कंस. अण्णांनी चष्मा पुसला. “हे काय झालं?” मलाही क्षणभर वाटलं की 99.99 मधलं सगळं शहाणपण खोटं.

फाइल धड होती. फॉन्ट नव्हता. अण्णांचं आयएसएम, म्हणजे पुण्यातल्या सी-डॅकचं सॉफ्टवेअर, आणि त्यातला सुरेख फॉन्ट. अण्णा युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीवर, कधी आलेच नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आपल्या कचेऱ्यांत त्यानंतरही कितीतरी वर्षं हेच फॉन्ट चालले. या फॉन्टांत अक्षर साठवत नाहीत, आकार साठवतात, खिळे जुळवावेत तसे. अर्धा म वेगळा, उभी रेघ वेगळी, दोन्ही शेजारी ठेवले की म. ती उभी रेघ म्हणजेच तो तिरकी रेघवाला ई. म्हणून तो पानभर. काना हवा, तोच. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर, जसं डोळ्यांना दिसतं तसं. फॉन्ट असेल तर सगळं मराठी, नसेल तर चिन्हांचा पाऊस. फायली वाचवणारे सगळे डॉक्युमेंट्स आणि फोटो उचलतात. विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डर कोण उचलतं? आम्हीही उचललं नव्हतं. पण अख्खी डिस्क उतरवलेली असल्यामुळं ते तिथं होतं. डीव्हीनं सुरू होणाऱ्या तुटक नावांच्या फायली एकेक उघडून पाहिल्या. एकीत ‘सुरेख’ सापडला. लॅपटॉपवर बसवला, फाइल पुन्हा उघडली.

‘अ. क्र. / शेताचे नाव / कसणारा / पीक’.

अण्णा काही बोलले नाहीत. खुर्ची पुढं घेतली आणि बोट स्क्रीनला लावून वाचायला लागले. पहिलं शेत ‘नदीकाठची मळी’. नाचणीची चार, भाताची सात, वरी, एक ‘पडीक, भुताचे म्हणत’. मी पहिल्यांदाच वाचत होते. सत्तेचाळिसावं आलं, ‘म्हसोबाचा माळ’, आणि पुढं कोष्टक कोलमडलं. माझा रोमन ‘खड्डा’ सुरेखच्या आकारांत भलतंच काही बरळत पान-दोन पानं पसरला होता. ते संपून पुन्हा ओळी सुरू झाल्या तेव्हा नंबर होता 79.

आठ सेक्टर, 4096 बाइट, एकतीस शेतं. जुन्या ‘शेते-फायनल’मध्ये पाहिलं तर तिथं चाळीसच होती.

आठवडाभरानं डब्यात एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवली, नवीन विंडोज टाकलं, दुकानातल्या त्याच पोराकडून. यावेळी निर्धास्त. त्यानं अण्णांना पत्तेही शोधून दिले. दोन पेनड्राइव्ह केले, एक माझ्याकडे, एक मुलाकडे. दोन्हींत ‘सुरेख’ टाकलाय.

एकतीस शेतांसाठी मी गणपतीत चार दिवस राहिले. अण्णा डोळे मिटून बसायचे. “म्हसोबाच्या माळापास्नं ओढ्यानं वर चल,” म्हणायचे, आणि मी युनिकोडमध्ये टाइप करायची. वडाची पट्टी. ढोलीचं. सुताराचं तुकडं. “आता डाव्या हाताला काय?” हे ते स्वतःलाच विचारायचे. एकदा तर खुर्चीत बसल्या-बसल्या त्यांनी पाय उचलून बाजूला ठेवला. तिथं बांध होता म्हणे. एकोणतीस झाली. एक काही केल्या आठवेना, ते रिकामं ठेवलंय. आणि 63 नंबरवर भांडण झालं. अण्णा म्हणाले ‘आवळीचं’. खात्रीसाठी ठाण्याला आत्याला फोन लावला, स्पीकरवर.

“आवळीचं? आवळी कुठली तिथं? ते ‘गौळणीचं’. माझ्या सासऱ्यांचं चुलते कसायचे ते.”

“आवळी मी स्वतः झोडलीय, आक्का.”

“तू काय झोडलीस, तू शाळेत.”

अर्धा तास चाललं. मधे आईनं दोनदा चहा केला. 63 नंबरला सध्या दोन नावं आहेत, मधे तिरकी रेघ.